शेवटचं टिंब

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली
तरी मी खुर्चीतच.
भट्टीची धग भिंतीतून झिरपत
टेबलाच्या पत्र्यापर्यंत येते.
गुंडूअण्णा सीपीयूवर चहाचा कप ठेवतात:
"काय गं, आमची कोटेशनं
कोइमतूरवाल्याच्या कचऱ्यात पडत्यात म्हणे?"

कचऱ्यातच, अण्णा.
आपण कोण, हे आपण
कुठंच लिहून ठेवलेलं नाही.

आधी नाव, आणि नावासमोर आकडा.
मेल डॉट सांबरेकरकास्टिंग डॉट इन,
पुढं चार आकडे, मधे टिंबं.
मग एक ओळ, की टपाल इथं द्या.
तिच्याखाली दुसरी,
पहिलं दार बंद असलं तर.
शिवलीला मॅडम जेवायला गेल्या
की चलन वॉचमनकडं ठेवतात, तसं.
मग आणखी एक, की आमच्या नावानं
एवढेच बोलतील,
बाकी कोणी बोललं तर ते आम्ही नव्हे.
ही ओळ लिहिताना का कोण जाणे बरं वाटलं.
या गावात आमच्या नावानं बोलणारे पुष्कळ.

उलटी नोंद माझ्या हातात नव्हती.
ती आकड्याच्या मालकाकडं, हुबळीत.
दुपारी फोनवर फक्कीरेश म्हणून कोणी.
मी कन्नडमधून सुरू केलं, त्यानं मराठीतून,
दोघंही एकमेकांच्या उंबऱ्यावर
चप्पल काढून अवघडून उभे.
दोन वाक्यांत आपापल्या घरी परतलो
आणि काम सोपं झालं.
आकड्याला विचारलं, तू कोण,
तर त्यानं तेच नाव सांगायला हवं
ज्या नावानं त्याच्याकडं बोट दाखवलं.
एवढंच मागणं.
"फॉर्मवर गावाचं नाव काय लिहू, मॅडम?
जुनं, का नवं?"
बिलावर आहे ते लिहा.
"बिलावर एक, आधारवर एक."
मग जुळेल ते लिहा, म्हटलं.
तो हसला. मीही.
कीबोर्डचा आवाज आला, पण काय लिहिलं
ते मी विचारलं नाही.

दहाला सगळं सेव्ह केलं.
घरच्या मेलवरून दोन शब्दांचं पत्र टाकलं
आणि ते उलट पावली आलं.
असा कोणी राहत नाही, म्हणे:
मेल डॉट सांबरेकरकास्टिंग डॉट इन
डॉट सांबरेकरकास्टिंग डॉट इन.

दोन्ही ओळींत शेवटचं टिंब विसरले होते.
टिंब नसलं की यंत्राला वाटतं नाव अपुरं आहे,
आणि ते मागून गाव जोडून देतं.
माझ्या लग्नाच्या पत्रिकेत काकांनी छापलं होतं तसं:
सांबऱ्याचे सांबरेकर, मुक्काम सांबरा.
पोरी हसल्या होत्या. काका नव्हते हसले.

टिंब दिलं.
पण चूक तोवर कुणीतरी ऐकली होती
आणि दिवसभर लक्षात ठेवणार होती.
मुदत मीच घालून दिलेली,
शहाऐंशी हजार चारशे सेकंद.
इथं घाई चालत नाही, ओळखीचा माणूस चालत नाही.
नवी पाटी लागून किती वर्षं झाली,
खानापूरच्या गाडीचा कंडक्टर
अजून जुन्याच नावानं हाक मारतो,
आणि चढणारे चढतात.
कुणाच्या डोक्यातली मुदत किती,
त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

पत्र्यावर हात ठेवला. निवत आला होता.
वॉचमननं दिवे मोजत मोजत बंद केले.

परवा सकाळी अकरा-सव्वाअकराला
शिवलीला मॅडमच्या खुर्चीचं चाक करकरलं.
"बंतु री," त्या म्हणाल्या,
आणि मग बघायला लागल्या काय आलंय ते.
कोइमतूर. व्हॉल्व्ह बॉडीचा दर
किलोमागं पाच रुपये जास्त वाटतो.

अण्णा दारातूनच:
"वाटू दे की. वाचलं न्हवं?"